दारापर्यंत पोचलेला खेळ

दोस्तांनो, हॉकी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मेजर ध्यानचंद उभे राहतात की नाही? मोठं मैदान आणि दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू! पण आज मी तुम्हाला सांगणार आहे ती हॉकी पायांना चाकं लावून खेळतात. तिचं नाव रोलर हॉकी.

एका वेळी संघात फक्त पाच जण खेळतात. चौघे मैदानभर पळणारे, नव्हे, घसरणारे! आणि पाचवा गोलरक्षक. मैदान साधारण ४० मीटर लांब, २० मीटर रुंद, गुळगुळीत फरशीचं आणि चहूबाजूंनी कठडा घातलेलं. चेंडू कडक रबराचा, आकारानं आणि वजनानं जवळजवळ आपल्या क्रिकेटच्या चेंडूएवढा. तो कठड्यावर आपटून परत आला तरी खेळ चालूच. कॅरममधला रिबाउंड आठवा! तसाच कठड्याचा उपयोग करून खेळाडू प्रतिस्पर्ध्याला चकवतात.

या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १९३६ साली जर्मनीत, स्टुटगार्टला झाली. ती इंग्लंडनं जिंकली. १९३९ सालीही इंग्लंडच विजेता होता. पण १९४७ पासून पुरुषांचं जगज्जेतेपद पोर्तुगाल, स्पेन, इटली आणि अर्जेंटिना या चौघांच्या बाहेर कधी गेलेलंच नाही.

मग आलं १९९२ साल. ऑलिंपिक स्पेनमध्ये, बार्सिलोनाला होतं. ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष समारांच मूळचे याच शहरातले आणि तरुणपणी स्वतः रोलर हॉकी खेळलेले! त्या वर्षी हा खेळ ऑलिंपिकमध्ये दाखल झाला, पण फक्त प्रात्यक्षिक म्हणून. बारा देशांचे संघ आले. आदल्याच वर्षी जगज्जेता झालेला पोर्तुगाल चौथा आला. अंतिम सामन्यात यजमान स्पेनसमोर अर्जेंटिना उभा होता. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, तरीही अर्जेंटिनानं ८-६ असा सामना मारला!

पण गंमत बघा, त्या सुवर्णपदकाची नोंद देशांच्या पदकतक्त्यात झालीच नाही. प्रात्यक्षिक खेळाची पदकं तिथं धरत नसत. त्याच वर्षी प्रात्यक्षिक म्हणून आलेला तायक्वांदो २००० साली सिडनीला पूर्ण मानानं ऑलिंपिकमध्ये गेला. रोलर हॉकीला मात्र पुन्हा बोलावणं आलं नाही.

मग हा खेळ बंद पडला का? छे! अंगोला आणि मोझांबिक हे आफ्रिकेतले देश आपल्या गोव्यासारखेच पूर्वी पोर्तुगालच्या ताब्यात होते. तिथं हा खेळ रुजला होता. २०११ च्या जागतिक स्पर्धेत मोझांबिकनं चक्क चौथा क्रमांक पटकावला. २०१३ साली ही स्पर्धा अंगोलात भरली. आणि २०२२ साली अर्जेंटिनातल्या सान हुआन शहरात, आपल्या लोकांसमोर, अर्जेंटिना पुन्हा जगज्जेता झाला.

आपल्याकडेही असंच एक उदाहरण आहे. १९३६ सालीच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं होतं. त्यांनी तिथं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. आपला मल्लखांब काही ऑलिंपिकचा खेळ झाला नाही. म्हणून आपल्या आखाड्यांतली मुलं खांबावर चढायची थांबली का?

आईबाबांनो, ही दोन वाक्यं तुमच्यासाठी. मूल एखादा वेगळा खेळ निवडतं, तेव्हा आपण पटकन विचारतो, "यात पुढं काय?" त्याऐवजी एकदा विचारून बघा, "आज खेळताना मजा आली का रे?"

आणि दोस्तांनो, तुमच्या खेळाचे सामने टीव्हीवर दाखवत नसतील, तर हिरमुसू नका. पदकांच्या तक्त्यात नाव नसलं म्हणून बार्सिलोनातले ते आठ गोल खोटे ठरत नाहीत!