प्रबंधातील क्रमांक आणि आपली जबाबदारी

काही काळापूर्वी आमचे एक औषधनिर्माते स्नेही एक पदव्युत्तर प्रबंध घेऊन आमच्याकडे आले. भल्लातकयुक्त एका कल्पाच्या परवान्यासाठी ते कागदपत्रे जमवीत होते. भल्लातक हे विषद्रव्यांत गणले जाणारे द्रव्य असल्याने त्याच्या शोधनाविषयी व मात्रेविषयी प्रत्येक विधानाला आधार हवा होता. प्रबंधात तसे विधान होते आणि त्यापुढे संदर्भ क्रमांक ४७ छापलेला होता. सूचीत ४७ व्या क्रमांकावर पाहावे तो अर्धावभेदकातील नस्यकर्मावरचा एक निबंध! आमच्या स्नेह्यांचा समज असा झाला की, विद्यार्थ्याने आधार कल्पनेनेच दिला असावा. त्यांनी तो प्रबंध बाजूला ठेवण्याचे ठरविले होते.

आम्ही त्या विद्यार्थ्याकडे चौकशी केली. आज तो स्वतः व्यवसाय करीत आहे. त्याने जुनी हस्तलिखित टिपणे शोधून काढली आणि उलगडा झाला. प्रबंध सादर करण्याच्या आठवड्यात मार्गदर्शकांनी आणखी एक संदर्भ बाराव्या स्थानी घालण्यास सांगितले होते. डी.टी.पी. केंद्रात सूचीचे क्रमांक पुढे सरकविले गेले, परंतु मजकुरातील क्रमांक जेथे होते तेथेच राहिले. १३० संदर्भांची सूची १३१ ची झाली आणि बाराव्यापासून पुढचे सर्व, म्हणजे ११९ संदर्भ, एकेका घराने चुकले. विद्यार्थ्याने निबंध वाचलेला होता, विधानही खरे होते. छापलेल्या पानाने मात्र त्याला खोटा साक्षीदार ठरविले. आणि हे लिहिताना संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे: त्या प्रबंधाच्या परीक्षकांत आम्हीही होतो.

ही घटना अपवादात्मक नाही. कोष्टक क्र. ८ पाहावे असे म्हणावे आणि तेथे दुसरेच कोष्टक निघावे, अनुक्रमणिकेत प्रकरण ६१ व्या पानावर असावे आणि प्रत्यक्षात ते ६४ व्या पानावर सुरू व्हावे, हे प्रकार परीक्षकांच्या अंगवळणी पडले आहेत. आपण त्यांस 'टंकलेखनाचा दोष' म्हणून सोडून देतो. आमचे मत असे आहे की हा दोष टंकलेखकाचा नाही, पद्धतीचा आहे. जो क्रमांक यंत्राने घालावयाचा तो आपण हाताने घालतो, हे त्याचे मूळ होय.

आपल्या शास्त्रकारांना या प्रश्नाची जाण नव्हती असे नाही. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात ३६ व सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ३२ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत. त्यांत मागे सांगितलेल्या विषयाकडे बोट दाखविणारी अतीतावेक्षण, जिला सुश्रुत अतिक्रान्तावेक्षण म्हणतात, आणि पुढे येणाऱ्या विषयाकडे नेणारी अनागतावेक्षण अशा दोन युक्ती आहेत. आजच्या भाषेत हेच प्रबंधातील अंतर्गत संदर्भ होत. हे संदर्भ देताना संहिताकार पानाचा आकडा देत नाहीत, स्थानाचे नाव घेतात. अध्यायांनाही नावे आहेत. चरकाच्या चिकित्सास्थानातील अध्यायांचा क्रम मुंबईच्या व बंगालच्या आवृत्त्यांत सारखा नाही, हे आपण जाणतोच. प्रचलित आवृत्तीत ग्रहणीचा अध्याय १५ वा आहे, बंगालच्या आवृत्तीत तो त्या स्थानी नाही. केवळ आकड्यावर विसंबणारा वाचक तेथे फसतो. ग्रहणीचा अध्याय नावाने शोधणारा मात्र दोन्हीकडे योग्य ठिकाणी पोहोचतो. क्रम बदलला तरी नाव बदलत नाही.

संगणकावरील स्वयंचलित क्रमांकनाचे तत्त्व नेमके हेच आहे. रुग्णालयात रुग्णाला आपण नावाने ओळखतो, खाटेच्या क्रमांकाने नव्हे. खाट बदलली तरी केसपेपर त्याच्याच नावाने चालतो. त्याचप्रमाणे प्रत्येक कोष्टकाला, आकृतीला व संदर्भाला लेखकाने एक कायमची खूण द्यावी आणि मजकुरात त्या खुणेचाच उल्लेख करावा. अमुक कोष्टक आज कितवे आहे, हे यंत्र मोजते आणि जेथे जेथे उल्लेख असेल तेथे तो आकडा छापते. मध्ये एक कोष्टक वाढले की पुढचे सर्व आकडे यंत्रच बदलते.

ही सोय नवी नाही. स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची जुळणी पाहून असमाधानी झालेल्या डोनाल्ड क्नुथ या अमेरिकन गणितज्ञाने १९७८ मध्ये 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली सिद्ध केली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात 'लाटेक' उभारली. क्रमांक लेखकाने न घालता खुणेवरून यंत्राने घालावेत, ही तिची रीतच आहे. गणित व भौतिकी या शास्त्रांतील प्रबंध दीर्घकाळ तिच्यातच जुळविले जात आहेत. २००४ मध्ये आलेल्या 'झीटेक'मुळे युनिकोडमधील देवनागरीही तिच्यात थेट लिहिता येते. मात्र आपल्या विद्यार्थ्यांनी लाटेकच शिकावे असा आमचा आग्रह नाही. ज्या 'वर्ड'मध्ये ते आज टंकन करतात त्यातही ही सोय वर्षानुवर्षे आहे, केवळ कोणी दाखवून दिलेली नाही.

अनुभवान्ती आम्हांस चार गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, प्रकरणांची व उपप्रकरणांची शीर्षके केवळ अक्षर ठळक करून लिहू नयेत, त्यांना 'हेडिंग'ची शैली द्यावी. अनुक्रमणिका त्यांवरूनच तयार होते. दुसरी, कोष्टकाचे व आकृतीचे नाव 'कॅप्शन' या सोयीने द्यावे आणि मजकुरातील त्याचा उल्लेख 'क्रॉस-रेफरन्स'नेच करावा, आकडा हाताने टंकू नये. तिसरी, आधुनिक निबंधांचे संदर्भ संक्षेपिका लिहावयास घेतल्या दिवसापासून 'झोटेरो'सारख्या संदर्भ-व्यवस्थापकात नोंदवावेत. हे साधन २००६ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, आणि वर्डमध्ये क्रमांक व सूची दोन्ही तेच सांभाळते. चौथी, छपाईपूर्वी सर्व मजकूर निवडून एफ-९ ही कळ दाबावी, म्हणजे सर्व आकडे ताजे होतात, आणि मग 'एरर' हा शब्द शोधावा. ज्या कोष्टकाचा उल्लेख आहे पण जे गाळले गेले आहे, तेथे हा शब्द उमटतो. लाटेकमध्ये अशा जागी दोन प्रश्नचिन्हे दिसतात. त्यानंतर पी.डी.एफ. प्रत करून तीच मुद्रणालयाकडे द्यावी. मूळ फाईल पानजुळणीसाठी पुन्हा दुसऱ्या प्रणालीत नेली, तर जिवंत क्रमांक सामान्यतः मृत मजकूर होऊन बसतात आणि सर्व परिश्रम वाया जातात.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांविषयी येथेच सांगितले पाहिजे. त्यांत लिहिलेली देवनागरी डोळ्यांना देवनागरी दिसली तरी संगणकाच्या लेखी ती वेष पालटलेली रोमन अक्षरेच असतात. शोध घेणे व अकारविल्हे सूची लावणे त्यात नीट साधत नाही. प्रबंध आरंभापासून युनिकोडमध्येच असावा.

संहितांच्या संदर्भांबाबत आमचे मत थोडे वेगळे आहे. प्रत्येक श्लोकाला सूचीत स्वतंत्र क्रमांक देऊन एकच ग्रंथ साठ वेळा लिहिण्याची प्रथा पडली आहे. ती सोडावी. आयुर्वेदाच्या व्याख्येसाठी च.सू. १/४१ एवढा निर्देश मजकुरातच पुरेसा असतो. ग्रंथ, टीका, संपादक व आवृत्ती यांची नोंद सूचीत एकदाच करावी. स्थान, अध्याय व श्लोक यांचा निर्देश पानांच्या फेरफाराने हलत नाही. तो ज्या आवृत्तीचा आहे ती मात्र सांगितलीच पाहिजे.

काही ज्येष्ठ वैद्यबंधूंचा आक्षेप आम्ही ऐकला आहे. हाताने क्रमांक घालताना विद्यार्थी प्रत्येक संदर्भ पुन्हा पाहतो, यंत्र आले की हे पाहणे संपेल, असे ते म्हणतात. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु आपल्या रसशाळांत खलाच्या जागी एज रनर आले, म्हणून भावना किती द्यावयाच्या हे यंत्र ठरवू लागले नाही. चूर्णाची सूक्ष्मता वैद्य आजही चिमटीत घेऊन पाहतो. यंत्राने श्रम घेतले, परीक्षा आपल्याकडेच राहिली. येथेही तसेच आहे. न वाचलेला निबंध, पाठ्यपुस्तकातून उचललेला श्लोक, उलटसुलट झालेले ग्रंथकर्त्याचे नाव, या सर्वांना यंत्र बिनचूक क्रमांक देईल. अलीकडे कृत्रिम प्रज्ञेच्या साधनांकडून संदर्भसूची करवून घेण्याची वृत्ती दिसते. अशा सूचीत अस्तित्वातच नसलेले निबंधही येऊ शकतात, आणि तेही नीटनेटक्या क्रमांकांसह. म्हणून क्रमांक यंत्राने घालावेत आणि वाचलेला वेळ विद्यार्थ्याने व मार्गदर्शकाने मूळ आधार उघडून पाहण्यात घालवावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

औषधनिर्मात्यांना हा विषय परका वाटू नये. ग्रंथोक्त औषधासोबत त्याच्या निर्मितीचा ग्रंथाधार अधिकरणासह द्यावा लागतो, ही औषधे नियमावली, १९४५ मधील नियम १६१ ची अट आहे. वेष्टनावरील बॅच क्रमांक आणि नोंदवहीतील बॅच क्रमांक जुळला नाही तर आपण माल थांबवितो. मग ज्या प्रबंधाच्या आधारे आपण कल्प सिद्ध करणार, त्याचे क्रमांक न जुळणे आपण कसे चालवून घेतो?

संघटनेने या बाबतीत पुढाकार घ्यावा, अशी आमची सूचना आहे. शैली, कोष्टके व अनुक्रमणिका आधीच बसविलेली एक नमुना फाईल तयार करून ती सर्वांस विनामूल्य द्यावी. संहिता, निघंटू व आयुर्वेदिक फार्माकोपिया यांच्या आवृत्तीसह अचूक नोंदींचा एक सामाईक संग्रह झोटेरोमध्ये करावा. संक्षेपिका सादर होण्याच्या सुमारास विद्यार्थी व मार्गदर्शक या दोघांसाठी एक दिवसाचे शिबिर भरवावे. फार्मसीधारकांनी त्याचा अल्प खर्च उचलावा, कारण लाभ त्यांचाही आहे. आणि परीक्षकांनी प्रत्येक प्रबंधातील निदान दहा संदर्भ, कोठूनही निवडून, सूचीशी व शक्य तेथे मूळ ग्रंथाशी ताडून पाहावेत. हे शेवटचे आम्ही स्वतःसाठीही लिहीत आहोत.

त्या प्रबंधाची प्रत त्या विद्यार्थ्याने आमच्यासह बसून पेन्सिलीने दुरुस्त केली. ११९ आकडे बदलण्यास दोन संध्याकाळ लागल्या. आमच्या स्नेह्यांना हवा असलेला निबंध ४८ व्या क्रमांकावर होता. ग्रंथालयातील प्रतीत मात्र तो आजही ४७ असाच छापलेला आहे. सभासदांनी या सूचनांवरील आपले अभिप्राय संपादक मंडळाकडे अवश्य कळवावेत, ही विनंती.