सण संपल्यावर डाएट? तो ‘नंतर’ कधी येतो, ते आधी सांगा

श्रावण लागला की माझ्या दवाखान्यात एक वाक्य रोज ऐकू येते. “डॉक्टर, आता दिवाळी होऊन जाऊ दे, मग बघू वजनाचं.” मी तेव्हा समोरच्याला कॅलेंडर दाखवतो. श्रावणानंतर गणपती, गौरी, मग नवरात्र, दसरा, कोजागरी, दिवाळी. तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू. मार्गशीर्षातले गुरुवार, संक्रांतीचे तिळगूळ आणि रथसप्तमीपर्यंत चालणारे हळदीकुंकू, महाशिवरात्रीचा उपवास, होळीची पुरणपोळी, पाडव्याचे श्रीखंड. तेवढ्यात आंबा येतो आणि आमरस-पुरीला कोणी नाही म्हणत नाही. आषाढी एकादशीला साबुदाणा, आणि पुन्हा श्रावण.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ज्या आहारयोजनेत सण बसत नाहीत ती योजना आपल्या घरांसाठी नाही. कितीही मोठ्या तज्ज्ञाने छापून दिलेली असो.

आता थोडे आकडे बघू, कारण भीतीपोटी लोक चुकीच्या ठिकाणी लढतात. अंगावर एक किलो चरबी चढायला ढोबळमानाने ७७०० कॅलरी जादा जाव्या लागतात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुम्ही अगदी दाबून जेवलात आणि रोजच्यापेक्षा १५०० कॅलरी जास्त गेल्या, तरी चरबी वाढेल ती फार तर २०० ग्रॅम. मग दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो जास्त का दाखवतो? ते बहुतांशी पाणी असते. गोड आणि पिष्टमय खाल्ले की शरीर त्यातला काही भाग ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात साठवते, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. त्यात चकली-चिवड्यातले मीठ. नेहमीचे जेवण सुरू केले की चार-पाच दिवसांत हे पाणी उतरते. त्यामुळे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभे राहून रडू नका. आठवड्याने उभे राहा.

पण दुसरी बाजूही आहे. दिवाळी चार-पाच दिवसांची, फराळाचे डबे मात्र तीन आठवडे पुरतात. रोज चहाबरोबर एक बेसनाचा लाडू आणि मूठभर चिवडा म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. पंधरा दिवसांचा हिशोब केला तर पाऊण किलोच्या जवळ जातो, आणि ही खरी चरबी असते. गंमत म्हणजे त्या लाडवाची चवही आपल्याला नीट लागत नाही. मोबाईल बघता बघता तो संपतो. पाडव्याला सगळ्यांबरोबर बसून खाल्लेल्या करंजीशी माझे काहीही भांडण नाही. माझे भांडण डायनिंग टेबलावर कायम उघड्या असलेल्या त्या डब्याशी आहे.

अमेरिकेत १९५ प्रौढांवर झालेला एक अभ्यास २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला होता. तिथल्या सणांच्या काळात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, लोकांचे वजन सरासरी ०.३७ किलो वाढले. लोकांना स्वतःला वाटत होते त्यापेक्षा हे बरेच कमी होते. मात्र पुढच्या महिन्यांत ती वाढ उतरलीही नाही. दरवर्षी असे थोडे थोडे साठत गेले तर दहा-पंधरा वर्षांत काय होते, ते तुमच्या लग्नातला फोटोच सांगेल. आपल्याकडे तर सण सहा आठवड्यांत आटोपत नाहीत.

म्हणून सणाच्या पंधरवड्यात वजन कमी करायचा प्रयत्नच करू नका, असे मी सांगतो. त्या काळात वजन आहे तिथे राखायचे, एवढेच ध्येय ठेवा. हे ऐकून पुष्कळ जणांना हायसे वाटते. “आता एक मोदक खाल्लाच, मग डाएट गेलंच” या विचाराने पुढचे दहा मोदक आणि पुढचे दोन महिने जातात. ध्येयच ‘राखणे’ असेल तर एका मोदकाने काही मोडत नाही.

उपवासाबद्दल बोलायलाच हवे. नवरात्रात नऊ दिवस उपवास करून वजन वाढले, अशी तक्रार घेऊन दरवर्षी लोक येतात आणि त्यांना खरोखर आश्चर्य वाटत असते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिने नावालाच. त्यात दाण्याचे कूट, बटाटा आणि सढळ हाताने तूप. सोबत वेफर्स. श्रद्धेबद्दल मी काही म्हणणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण उपवासच करायचा तर भगर, राजगिरा, ताक, दही, उकडलेले रताळे, फळे हेही चालतेच की. खिचडी एकदा करा, दोन्ही वेळा नको. आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी मला किंवा तुमच्या डॉक्टरांना न विचारता कडक उपवास धरू नये. गोळी नेहमीची आणि पोट रिकामे, असे झाले की शुगर एकदम खाली येते.

आता सगळ्यात अवघड भाग, तो म्हणजे घर.

आहाराचा तक्ता ज्या बाईच्या हातात दिला जातो, तिलाच सासूबाईंचे मऊ जेवण, नवऱ्याचा डबा, मुलांचे पराठे आणि नैवेद्य करायचा असतो. त्यात ती स्वतःसाठी वेगळे सूप आणि सॅलड करील, ही अपेक्षा चार दिवस टिकते. पाचव्या दिवशी ती सर्वांच्या शेवटी जेवायला बसते आणि उरलेले वाया जायला नको म्हणून संपवते. तिने वेगळे काही केलेच, तर “हिचे नखरे” हा शेरा ठरलेला. गुडघे तिचे दुखत असतात, शुगर तिची वाढलेली असते, आणि तरी तिचे पथ्य हा घराला होणारा त्रास समजला जातो. हे मला अजिबात पटत नाही. घरात कोणाला बीपी निघाले की सगळ्यांच्या भाजीतले मीठ कमी होते ना? मग वजनाचे पथ्य एकटीनेच का पाळायचे?

दोन स्वयंपाक करू नका. एकच करा, पण सगळ्यांचा बदला. सुरुवात तेलापासून करा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज ४० मिलीहून जास्त, म्हणजे साधारण साडेतीनशे कॅलरी, नुसत्या तेलाच्या जातात. हे साडेतीन लिटरवर आणले तर कोणाला वेगळे ताट लागणार नाही. ताटात आधी भाजी, कोशिंबीर, घट्ट वरण किंवा उसळ, आणि भात-पोळी त्यानंतर. उरलेले अन्न फ्रिजमध्ये ठेवा, कोणाच्याही पोटात नको. फराळ किलोकिलोने करण्याऐवजी शेजारच्या दोन घरांशी वाटून घ्या: चकली त्यांची, चिवडा तुमचा. डबे माळ्यावर.

आणि आग्रह! आपल्याकडे ‘नको’ म्हणजे ‘अजून एकदा विचारा’. त्यामुळे “डाएट चालू आहे” म्हटले की वाद सुरू होतो आणि मावशी हमखास म्हणतात, “एकाने काय होतंय?” त्याऐवजी “डॉक्टरांनी साखर बंद केलीय” म्हणून बघा, फरक पडतो. खुशाल माझे नाव पुढे करा, मला चालते. नाहीतर लाडू हातात घ्या आणि म्हणा, “घरी नेते, पुडी बांधून द्या.” देणाऱ्याचे मन राहते. जेवणानंतर सगळ्यांनी मिळून दहा-पंधरा मिनिटे चालून या, गणपती बघायच्या निमित्ताने का होईना. जेवणानंतरची शुगर त्याने कमी चढते.

या दिवाळीच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवा. तुळशीच्या लग्नाला पुन्हा करा. दोन्ही आकडे घेऊन या, आणि येताना तुमच्या घरी स्वयंपाक कोण करते आणि किराणा कोण आणते, त्या दोघांनाही सोबत आणा.