खडक एक, भूमी दोन

सोलापूर आणि उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड या दोन्ही भूमी ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेल्या काळ्या बेसॉल्ट खडकावर वसल्या आहेत. दख्खनच्या पठाराचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आइसलँडमधील ज्वालामुखी मात्र आजही जागृत आहेत. तेथील सुमारे दहावा हिस्सा हिमनद्यांनी झाकलेला आहे, तर सोलापुरात वैशाखात तोच खडक तव्यासारखा तापतो.

सह्याद्रीने अडवलेल्या पावसातून सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाला सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर येतो. तरीही भीमा आणि सीना नद्यांच्या खोऱ्यांत खडक झिजून साठलेली खोल काळी माती परतीच्या पावसाची ओल महिनोनमहिने धरून ठेवते. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी त्याच ओलीवर पिकते. बाजारात येणाऱ्या प्रत्येक पोत्यामागे ही माती उभी असते.

मातीची हेळसांड झाली की काय होते, हे आइसलँडने अनुभवले आहे. नवव्या शतकात नॉर्वेकडून आलेल्या लोकांनी तेथे वस्ती केली. सरपण, कोळसा आणि कुरणे यांसाठी बर्चची झाडी तोडली गेली, उरलेली मेंढ्यांनी खाल्ली. उघडी पडलेली हलकी माती वाऱ्याने उडाली आणि विस्तीर्ण प्रदेश दगड-वाळूचा झाला. १९०७ साली तेथे मृदासंधारणाचा कायदा झाला. ते काम अद्याप संपलेले नाही.

सोलापुरात वाऱ्याचे काम वळिवाचा पाऊस करतो. माळावर मुरमावरची माती वीतभरच असते. एका जोरदार सरीत ती ओढ्याला लागते आणि शेवटी धरणाच्या तळाशी गाळ होऊन बसते. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेती संशोधन केंद्र सुरू झाले. बांधबंदिस्ती आणि उताराला आडवी पेरणी हे त्यावरील साधे, जाणते उपाय आहेत.

एका वर्षी रिकामे राहिलेले उजनी पुढच्या वर्षी भरू शकते. वाहून गेलेली माती तशी परत येत नाही. व्यापारी घराण्यांना हा हिशेब कळायला अवघड नाही: पीक हे व्याज, माती हे मुद्दल. ज्यांची जमीन वाटेकऱ्याकडे आहे, त्यांनी यंदा मृगाच्या आधी एकदा शिवारात जाऊन बांध पाहून यावेत आणि फुटलेल्या बांधाच्या दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खाती लिहावा.