अर्धी आयत, अर्धे स्तोत्र

नववीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत मला मोबाइलवर एक क्लिप दाखवली. स्टेजवरचा वक्ता विचारत होता, तुमच्याच बायबलमध्ये क्रुसावरचा येशू देवाला विचारतो की मला का सोडलेस, मग तो स्वतः देव कसा? टाळ्यांचा कडकडाट. मुलाने तीच क्लिप बाकावर शेजारी बसणाऱ्या ख्रिस्ती मित्रालाही दाखवली होती. दोन दिवस झाले, तो मित्र डबा घेऊन दुसऱ्या बाकावर बसतो. "सर, त्याच्याकडे उत्तरच नव्हतं," मुलगा खुशीत म्हणाला.

हजरत ईसा (अलै.) अल्लाहचे पैगंबर आहेत, पुत्र नाहीत, हा माझा अकीदा आहे आणि त्यात तडजोड नाही. पण त्या टाळ्यांची मला लाज वाटली. कारण ज्या वाक्यावर त्या पडल्या ते मार्कने स्वतःच्या मनाने लिहिलेले नाही. ती स्तोत्रसंहितेतल्या २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, म्हणजे आपण ज्याला जबूर म्हणतो तिथली. मार्कचा १५वा अध्याय उघडा. आधी शिपाई कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकतात, ते त्या स्तोत्रात आहे. मग येणारे-जाणारे डोकी हलवून टिंगल करतात, तेही त्याच स्तोत्रात आहे. आणि मग ती हाक. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आख्खे स्तोत्र आहे, आणि ते स्तोत्र एकटेपणाच्या आक्रोशाने सुरू होऊन देवाच्या स्तुतीवर संपते.

आपल्याला हे समजायला अवघड का जावे? घरात आजी म्हणते, "कुल हुवल्लाह पढ", तेव्हा ती तीन शब्द म्हणायला सांगत नसते, पूर्ण सूरह सांगत असते. यहुदी लोक तौरातच्या पहिल्या ग्रंथाला त्याच्या पहिल्याच शब्दाने ओळखतात. आता त्या हाकेत पूर्ण स्तोत्र अभिप्रेत आहे, की तो आक्रोश आक्रोश म्हणूनच ऐकायचा, यावर ख्रिस्ती अभ्यासकांतही वाद आहे. तो वाद खरा आहे. पण त्यात पडायचे तर आधी २२वे स्तोत्र वाचलेले असावे लागते. आमच्या वक्त्याने ते वाचले असल्याची एकही खूण त्या क्लिपमध्ये नाही.

दुसरा आवडता नमुना गीतरत्नाचा. पाचव्या अध्यायाच्या १६व्या वचनात हिब्रूत 'महमद्दीम' असा शब्द येतो, आणि आमचे लोक सांगतात की पाहा, हुजूर (स.) यांचे नाव! शब्दाचा अर्थ आहे हवाहवासा, मनाला भुरळ घालणारा. एक प्रेयसी आपल्या प्रियकराच्या केसांचे, गालांचे, पायांचे वर्णन करते आहे. आपल्या नबींचे नाव आपणच तिथे नेऊन ठेवायचे? बरे, हाच शब्द एकवचनात यहेज्केलच्या २४व्या अध्यायात येतो. तिथे तो त्या नबीच्या पत्नीबद्दल आहे, जी त्याच संध्याकाळी मरण पावते. तिथेही नावच वाचणार आहात का? एक शब्द त्याच भाषेत आणखी कुठे आला आहे हे पाहणे ही वाचनाची पहिली पायरी. आठवीच्या उर्दूच्या तासाला मी तेवढे तरी करून घेतो.

यावर उत्तर ठरलेले असते: बायबलमध्ये तहरीफ झाली आहे, त्याचा एवढा अभ्यास कशाला? ठीक. मग पुरावा तिथूनच का आणता? एकच पुस्तक दुपारी बनावट आणि संध्याकाळच्या जलशात साक्षीदार, असे चालत नाही.

आपल्यावर हेच होते तेव्हा आपण किती चिडतो. सूरह बकराहची १९१वी आयत टीव्हीवर एकटी फिरवली जाते. मागची १९०वी, जी लढणाऱ्यांशीच लढा आणि हद्द ओलांडू नका असे बजावते, ती गाळली जाते. आपण म्हणतो, ही बेइमानी आहे. आहेच. नशेत असताना नमाजकडे फिरकू नका या आज्ञेतली नशा गिळून उरलेले सांगणाऱ्याचा किस्सा तर आपल्या घरोघर हसत सांगतात. मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतानही अगदी असेच करतो, आणि मला तो प्रसंग फार मार्मिक वाटतो. तो येशूला ९१वे स्तोत्र ऐकवतो, फरिश्ते तुला सांभाळतील म्हणतो, आणि नेमका तिथेच थांबतो. पुढच्या वचनात सापाला पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे. येशूची तिन्ही उत्तरे मात्र तौरातच्या एकाच ग्रंथातून येतात, अनुवादातून. म्हणजे वाळवंटात ४० वर्षे भटकलेल्या बनी इस्राईलची आठवण ४० दिवसांच्या उपाशी माणसाच्या तोंडी. मत्तयला काय म्हणायचे आहे ते या जोडणीशिवाय कळतच नाही. ते पटले नाही तरी चालेल. नाकारायचे तर कळून नाकारावे.

आणि हे शिकायला आपल्याला कुणाच्या दारात जायची गरज नाही. पंधराव्या शतकात कैरोत इब्राहीम अल-बिकाई यांनी कुरआनची तफ्सीर लिहिली, तिचा विषयच होता आयती आणि सूरह यांचे परस्परसंबंध. नबींच्या कथा समजावताना त्यांनी तौरात आणि इन्जीलमधले उतारे घेतले. त्यावर गदारोळ झाला, तेव्हा त्यांनी आपल्या बाजूने स्वतंत्र पुस्तक लिहिले. आपल्याकडे सर सय्यद यांनी बायबलवर उर्दूत भाष्य लिहायला घेतले. कुरआनच्या नज़्मवर आयुष्य घालवणारे हमीदुद्दीन फराही हिब्रू शिकले. मराठी वाचकाला तर सबबच नाही, पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले भाषांतर आहे.

मी त्या मुलाला २२वे स्तोत्र वाचायला दिले. दुसऱ्या दिवशी त्याने विचारले, "सर, हे तर दुआसारखं आहे. मग ते टाळ्या का वाजवत होते?" मी म्हटले, हे मला नको विचारूस, डबा घे आणि तुझ्या मित्राला विचार. तो गेला. मित्राने जागा करून दिली की नाही, ते स्टाफरूमच्या दारातून दिसले नाही.