पेणच्या बावीस गावांचा नकार

नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब देशाला विरोधी पक्ष परवडत नाही, तो फूट पाडतो आणि विकास अडवतो, हा युक्तिवाद 1960च्या दशकात आफ्रिकेत जोरात होता. घानाच्या क्वामे एन्क्रुमांनी 1964 मध्ये सार्वमत घेऊन एकपक्षीय राज्य आणले. होकाराची अधिकृत टक्केवारी होती 99.91! दोनच वर्षांत लष्कराने त्यांना पदच्युत केले.

या मताचे सर्वांत प्रामाणिक वकील म्हणजे टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे. त्यांची बाजू झटकून टाकता येत नाही. पक्ष एकच, पण मतदारांपुढे त्याच पक्षाचे दोन उमेदवार. 1965 मध्ये मंत्रीही पडले. मात्र उमेदवार पाडता आला, तरी धोरण पाडता येत नव्हते. 1976 अखेर ग्रामीण जनतेने नियोजित गावांतच राहिले पाहिजे, असे 1973 मध्ये ठरले आणि लाखो शेतकऱ्यांना घरेदारे सोडून हलावे लागले, अनेकांना बळजबरीने. त्यांची बाजू घेऊन संसदेत उभा राहील असा दुसरा पक्षच नव्हता.

आता याउलट उदाहरणासाठी महाराष्ट्रातल्या पेण तालुक्यातल्या वडखळला यावे. इथून अलिबागचा फाटा फुटतो. भोवती बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेती. महाराष्ट्रात 1962 मध्ये काँग्रेसने 264 पैकी 215 जागा जिंकल्या, शेतकरी कामगार पक्षाला (शेकाप) मिळाल्या 15. तरीही विरोधकांवर बंदी आली नाही आणि पेण ज्यात येते त्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात शेकापचा लाल बावटा टिकला. त्यामागे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी गावच्या कुळांनी 1933 पासून खोतांविरुद्ध केलेल्या संपाची पुण्याई होती. पुढे जिल्ह्यात शेकापच प्रस्थापित झाला, हेही खरे. पण त्यालाही निवडणुकीत हरवता येत होते.

म्हणूनच महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमिनी मागितल्या गेल्या, तेव्हा इथला शेतकरी एकाकी पडला नाही. शेकापच्या एन. डी. पाटलांसारखा नेता त्याच्यासोबत रस्त्यावर उतरला. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 रोजी सरकारला शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. कौल प्रचंड बहुमताने विरोधात गेला, पुढे प्रकल्पही बारगळला. देश फुटला नाही, राज्यही कोसळले नाही. पिकती जमीन मात्र वाचली.

विरोधी पक्ष ही गरिबांना न परवडणारी चैन आहे, हे म्हणणे इथेच खोटे ठरते. जमिनीच्या तुकड्यापलीकडे काही नसलेल्यालाच त्याची सर्वाधिक गरज असते. खुद्द न्येरेरेंनीही 1990 मध्ये बहुपक्षीय पद्धतीचा विचार व्हावा असे जाहीरपणे सांगितले आणि 1992 मध्ये टांझानियाने ती स्वीकारली.