पंक्तींतला आग्रह आणि असात्म्य अन्न

दिवाळीस लेकी, सुना, नातवंडें गांवीं जमतात आणि घरांत वाढणारे हात एकदम वाढतात. मुलाला काय चालतें व काय चालत नाहीं, हें एरवीं त्याच्या आईस पक्कें ठाऊक असतें. सणाला मात्र आजी, आत्या, काकू, मावशी अशा सगळ्याजणी त्याच्या ताटांत कौतुकानें कांहीं ना कांहीं घालतात. हें कौतुक आपल्या एकत्र कुटुंबाचें भूषण होय. परंतु ज्या मुलास एखादें अन्न सोसत नाहीं, त्याला धोका संभवतो तो याच कौतुकापासून.

ही कल्पना आपणांस नवी नाहीं. चरकसंहितेंत सात्म्य व असात्म्य असा विचार आहेच. एकास मानवतें तें दुसऱ्यास मानवेलच असें नाहीं. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं १९०६ सालीं प्रथम योजिला. निरुपद्रवी अन्नासच शत्रु समजून शरीराची संरक्षकशक्ति त्यावर तुटून पडते, असा त्याचा आजचा अर्थ आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यांतील वाचकांस लाखोळीची डाळ परिचित आहे. महिनोगणती तिच्यावरच गुजराण केली तर कोणाचेहि पाय लुळे पडूं शकतात. म्हणून १९६१ सालीं तिच्या विक्रीवर बंदी आली होती. ॲलर्जीचा प्रकार याहून निराळा. शेंगदाणा साऱ्या पंक्तीस पोषक असतो आणि एकासच बाधतो. पण त्या एकास चिमूटभर कूटहि पुरे होतो. भाजल्यानें हा दोष जात नाहीं, उलट अधिक तीव्र होतो.

“थोडें थोडें खाऊं द्या, संवयीनें सोसेल,” असें वडील माणसें म्हणतात. लहान वयांतच शेंगदाणा दिल्यास पुढें त्याची ॲलर्जी होण्याचें प्रमाण घटतें, असें लंडन येथील २०१५ सालच्या एका अभ्यासांत आढळलें, हें खरें. परंतु तो विचार ज्यांना अद्याप बाधा झालेली नाहीं अशा तान्ह्या मुलांचा आहे. ज्यास एकदां बाधलें, त्याच्यावर घरीं प्रयोग करूं नये. तें काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीं व्हावयाचें.

मग उपाय काय? तो आपल्या स्वयंपाकघरांतच आहे. उपवासाची कढई निराळी, झारा निराळा, खरकटा हात डब्यास लागूं द्यावयाचा नाहीं, ही शिस्त आपल्या घरांत कोणास शिकवावी लागत नाहीं. तीच या मुलासाठीं पाळावी. त्याच्या चकल्या, करंज्या ताज्या तेलांत सर्वांच्या आधीं तळाव्या आणि त्याच्या नांवाच्या झाकणाच्या डब्यांत ठेवाव्या. कूट कोशिंबिरींत न कालवितां निराळ्या वाटींत ठेवावा. शेंगदाणा बाधत असेल तर घाण्याचें शेंगदाणा तेल त्याच्यासाठीं वापरूं नये. बंद पुडक्यांवर शेंगदाणा, दूध, गहूं, सोयाबीन इत्यादि असल्यास तसें छापण्याचा नियम २०२० सालीं झाला आहे, तो मजकूर वाचावा. सुट्या मिठाईवर मात्र कांहींच छापलेलें नसतें, म्हणून विचारूनच घ्यावी.

कांहींच्या मनांत शंका येते कीं, प्रसाद किंवा एकादशीचा फराळ नाकारावा कसा? प्रसाद मस्तकास लावून दुसऱ्याच्या हातीं दिला तरी त्याचा मान राहतो. आणि फराळाचें म्हणाल तर शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, बटाटा व मिरची हीं सारीं मूळचीं अमेरिका खंडांतील. आपल्या प्राचीन शास्त्रकारांनीं तीं पाहिलींहि नव्हतीं. त्यांवांचून धर्म अडत नाहीं.

इतकें करूनहि प्रसंग ओढवलाच, तर खुणा ठाऊक असाव्या: अंगावर गांधी उठणें, ओठ सुजणें, आवाज घोगरा होणें, धाप, वांत्या, ग्लानि. गांधी येऊन थांबल्या तर गोष्ट निराळी. परंतु श्वास अडूं लागला किंवा मूल मलूल झालें, तर घरगुती उपायांत एक क्षणहि दवडूं नये. खाजेच्या गोळीनें घसा मोकळा होत नाहीं. त्यावर औषध म्हणजे मांडीच्या बाहेरील बाजूस द्यावयाचें ॲड्रेनलिनचें इंजेक्शन. डॉक्टरांनीं तें आधींच लिहून दिलें असेल, तर तें कोठें आहे व कसें द्यावयाचें हें घरांतील दोघां-तिघांस माहीत असावें. मुलास चालवूं नये. पाय उंच करून निजवावें, धाप असल्यास टेकून बसवावें आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

सर्वांत सोपा उपाय बिनखर्चाचा आहे. पाहुणे उतरतांच यजमानीणबाईंनीं “मुलांपैकीं कोणास काय चालत नाहीं?” असें आपण होऊन विचारावें. तसें झालें म्हणजे सुनेस भीड पडत नाहीं, व लेकीस “माहेरीं येऊन नखरे करिते” असें ऐकावें लागत नाहीं. मुलासहि “मला हें चालत नाहीं” एवढें वाक्य स्पष्ट म्हणण्यास शिकवावें. आणि त्यानें तें म्हटलें कीं वाढणारीनें तत्काळ हात आवरावा, दुसऱ्यांदा विचारूं नये.