लांकूड आमचें, रेघ कोणाची ?

आलापल्लीच्या लांकूड-आगारांत लिलाव असला म्हणजे मुरलेला व्यापारी ओंडक्याजवळ जाऊन काय करतो हें आमच्या वाचकांनीं अनेकदां पाहिलें असेल. तो प्रथम लांबूनच ओंडका सरळ आहे कीं वांकडा हें पाहतो, मग घेर पाहतो, मग कापलेल्या तोंडावर हात फिरवून गांठ कोठें आहे, चीर कोठवर गेली आहे, आंत पोकळी आहे कीं काय, याचा अंदाज घेतो आणि मगच बोली बोलतो. ही नजर त्यास कोणत्या पुस्तकानें दिली ? शेंकडों ओंडके पाहिले, कांहींत तो फसला, आणि कां फसला तें करवतीखालीं लांकूड चिरल्यावर त्यास प्रत्यक्ष दिसलें. अशा रीतीनें ती आली. पाहणें, चुकणें, आणि चूक कोठें झाली तें तत्काळ कळणें, या तीन गोष्टींवांचून कोणतीहि नजर तयार होत नाहीं. चित्रकलेचीहि गोष्ट हीच आहे; आणि आमच्या मुलांस यांपैकीं तिसरी गोष्ट मुळींच मिळत नाहीं, याकडे आज वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे.

२०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांकरितां याच अरण्यांतील साग वाजतगाजत रवाना झाला, तेव्हां दोन्ही जिल्ह्यांस अभिमान वाटला व तो वाटणें योग्यच होतें. परंतु त्या सागावर नक्षी कोरणारे हात दक्षिणेकडील कारागिरांचे होते. त्या कारागिरांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पिढ्यानपिढ्यांची विद्या त्यांनीं सांभाळली, आम्हीं सांभाळली नाहीं, एवढाच याचा अर्थ. कच्चा माल विकून पक्का माल विकत घेणाऱ्या देशाचें काय होतें हें दादाभाई आणि रानडे यांनीं मागेंच समजावून सांगितलें आहे. तेंच गणित एका जिल्ह्यासहि लागू पडतें.

आतां कायद्याकडे पाहूं. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा जो कायदा आहे, त्याच्या अनुसूचींत असें म्हटलें आहे कीं, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुलें असतील तर त्या शाळेस कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांकरितां अंशकालीन निदेशक असावेत. ज्यानें हा आंकडा घातला त्याच्या डोळ्यांपुढें शहरांतील शाळा असावी. अहेरी, एटापल्ली, भामरागडकडील चिमुकल्या गांवांनीं शंभरांची भरती कोठून आणावी ? जें मूल रोज मोहाच्या झाडाखालून शाळेस जातें, त्याचा डोळा केवळ पटावरील संख्या भरत नाहीं म्हणून कमी योग्यतेचा कसा ठरतो, याचें उत्तर त्या अनुसूचींत आम्हांस सांपडलें नाहीं.

मोठ्या शाळांची स्थिति निराळी आहे, पण समाधानकारक नव्हे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षांस तेथील मुलें बसतात. इंटरमिजिएटच्या अ, ब आणि क या श्रेणींस दहावीच्या परीक्षेंत अनुक्रमें ७, ५ आणि ३ वाढीव गुण मिळतात, आणि आईबापांचें सारें लक्ष त्या गुणांवर. परीक्षेस आमचा विरोध नाहीं. परंतु निकालांत मुलाच्या हातीं एक अक्षर पडतें. आपल्या माठाचें तोंड वांकडें कां दिसलें हें त्यास कळत नाहीं. न्यायाधीशानें निवाडा द्यावा व कारणें देऊं नयेत, असा निवाडा अपिलांत टिकणें कठीण, हें कोर्टाची पायरी चढलेल्यांस सांगावयास नको. मग मुलाच्या वहींतील 'ठीक' आणि 'छान' हे शेरे तरी कां चालू द्यावे ?

यावर उपाय खर्चाचा नाहीं. एक माठ, एक चेंडू, बांबूचें एक पेर, आणि एकाच बाजूस ठेवलेला दिवा, एवढें साहित्य पुरे. पहिले कांहीं दिवस मुलानें याशिवाय दुसरें कांहीं काढूं नये. माठ म्हणजे वर्तुळ नव्हे, ती फुगीर वस्तु आहे, हें कागदावर दाखविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. ज्या अंगास उजेड आहे तें कोरें ठेवावें, सांवली हळूहळू गडद करीत न्यावी. नवशिकें मूल सांवलीची बाजू थेट कडेपर्यंत काळी करतें आणि माठ चपटा होतो. येथेंच शिक्षकाचें बोट पाहिजे. 'कडेजवळ पाहा, जमिनीवरून परतलेला थोडा उजेड तेथें आहे,' एवढें एक वाक्य बस्स आहे. मग दुसऱ्या दिवशीं तोच माठ पुन्हा काढवून घ्यावा व दोन्ही कागद शेजारींशेजारीं ठेवावे.

त्यानंतर पोत. या विषयांत आलापल्लीइतकी श्रीमंत शाळा पुण्यामुंबईस मिळणार नाहीं. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, अर्जुनाची गुळगुळीत व पांढुरकी, सागाचें जून पान कानशीसारखें खरखरीत, सुपाची वीण आणखी निराळी. येथील जुनें अरण्य १९५३ पासून राखून ठेवलेलें असून २०१४ सालीं तें जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झालें. पाहुणे तेथें येतात, झाडाशेजारीं उभे राहून छायाचित्र काढून घेतात आणि जातात. (झाड बहुधा अर्धेंच दिसतें.) आमच्या मुलांनीं तेथें तासभर बसून बुंध्याचा वीतभर तुकडा काढावा. प्रथम सालीवर पातळ कागद ठेवून कोळसा घांसावा, म्हणजे ठसा उमटेल. मग दुसऱ्या कागदावर केवळ डोळ्यांनीं पाहून तोच पोत रेघांनीं व ठिपक्यांनीं उतरवावा. ठसा व चित्र यांत पडलेलें अंतर मुलास आपोआप दिसतें. एक गोष्ट मात्र ठसा दाखवीत नाहीं : बुंधा गोल असल्यामुळें भेगा कडेकडे अरुंद व दाट होत जातात. मूल त्या सर्वत्र सारख्या काढतें आणि बुंध्याची फळी होते. ती चूक दाखविण्यास माणूसच हवा.

कोणी म्हणेल कीं, हें शाळकरी वळण विलायती आहे व त्यानें माडिया-गोंड मुलांचा उपजत हात बिघडेल. विलायती म्हणाल तर विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत फुगीरपणा दाखविण्याच्या क्रियेस 'वर्तना' म्हटलें असून तिचे तीन प्रकार दिले आहेत, त्यांतील एक तर ठिपक्यांचाच आहे. दुसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. मध्यप्रदेशांतील पाटणगढचे जनगढसिंह श्याम १९८० नंतर भोपाळच्या भारत भवनांत आले, जगदीश स्वामिनाथन यांसारखा जाणता पाहणारा त्यांस मिळाला, आणि त्यांच्या ठिपक्यांनीं व बारीक रेघांनीं भरलेल्या पशुपक्ष्यांची पुढें चित्रकारांची एक परंपराच झाली. त्यांचा हात बिघडला नाहीं, कारण तो कोणी बदलूं पाहिला नाहीं. आमचें म्हणणें तेंच आहे. हरिण कोणत्या ढंगानें काढावें हें शिक्षकानें मुलास मुळींच सांगूं नये. 'तुला तें उभें दाखवावयाचें आहे कीं पळतांना?' एवढें विचारावें, आणि मुलाच्या उत्तराशीं चित्र ताडून पाहावें.

सरकारनें शंभरांची अट शिथिल करावी ही मागणी आम्ही करीतच राहूं. परंतु तोंवर आलापल्ली-अहेरीच्या व्यापाऱ्यांस हात बांधून बसण्याचें कारण नाहीं. आठवड्यांतून एक दिवस एखादी पडवी मोकळी करून द्यावी. करवतीच्या कारखान्यांत पडलेल्या फळ्या कागदाखालीं घेण्यास चालतील. कागदाचा खर्च चार दुकानांनीं वांटून घेतल्यास कोणासहि जड जाणार नाहीं. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्या गांवांतील मुलामुलींनीं धाकट्यांचीं चित्रें तपासावीं, आणि मुलींस या कामांतून वगळूं नये. तपासणाऱ्यानें प्रत्येक कागदाच्या पाठीमागें एक दोष व त्यावर एक उपाय लिहून, तारीख घालून, तो मुलास परत द्यावा. असें तीन महिने चालवून पहिला माठ व बारावा माठ एकाच फळीवर मांडावेत, आणि वर्गणी पुढें चालू ठेवावी कीं नाहीं हें व्यापाऱ्यांनीं ओंडका पारखतात तसें स्वतः पारखून ठरवावें.